नोवाकच्या अड्ड्यावरच्या सुमित्राबाई

सुमित्राबाई चांदवडकर नोवाकच्या अड्ड्यावर पहिल्यांदा गेल्या त्या एका माणसाचे आभार मानायला. हातात शंकरपाळ्यांचा डबा होता आणि नवऱ्याला जाऊन तेवीस दिवस झाले होते.

टेक्सासमधल्या शुगर लँडहून नैर्ऋत्येला पाऊण तास गाडी हाकली, की त्या काळी भाताची शेतं लागायची. शेतांच्या मधोमध, दोन रस्ते एकमेकांना छेदतात तिथं, नोवाक क्रॉसिंग नावाचं गाव होतं. गाव म्हणजे एक चर्च, एक पोस्ट, भाताची उंच कोठी, वीस-पंचवीस घरं आणि नोवाकचं आइस हाउस. घरोघरी फ्रिज नव्हते तेव्हा तिथं बर्फाच्या लाद्या विकायचे. पुढं त्याच बर्फावर बिअरच्या बाटल्या ठेवायला लागले. बर्फ गेला, बिअर राहिली आणि नावही राहिलं. तीन बाजूंना भिंतीच नव्हत्या. गॅरेजला असतात तशी वर सरकणारी पत्र्याची दारं होती. सकाळी ती वर जायची ती रात्रीच खाली यायची. आत लाकडी बाकं, लांब टेबलं, डोक्यावर गरगरणारे पंखे. चार वाजले, की शेतावरचे, कारखान्यातले, निवृत्त झालेले असे पंधरा-वीस जण येऊन आपापल्या जागी बसायचे.

सुमित्राबाईंचे यजमान जगन्नाथराव मूळचे कोपरगावचे. शुगर लँडच्या साखर कारखान्यात ते केमिस्ट होते. दर शनिवारी त्या बाजूच्या एका शेतकऱ्याकडून ताजी भेंडी आणायला जात. १९९३च्या ऑक्टोबरात परत येताना त्यांच्या छातीत कळ आली. त्यांनी गाडी शहाण्यासारखी कडेला घेतली, इंडिकेटर लावला. अड्ड्यापासून दीडशे पावलांवर.

दहा मिनिटं तो दिवा लुकलुकताना अ‍ॅल्विन कुबेनानं पाहिला. हातातले पत्ते टाकून तो उठला, गाडीचं दार उघडून शेजारच्या सीटवर बसला आणि अँब्युलन्स येईपर्यंत त्यांचा हात धरून राहिला. अ‍ॅल्विन भातशेती करणारा, सहा फुटी, लाल मानेचा, कमी बोलणारा माणूस. सुमित्राबाईंनी डबा पुढं केला तेव्हा तो टोपी काढून उभा राहिला.

"तो काहीतरी सांगत होता, मॅडम," तो म्हणाला. "तुमच्या भाषेत. मला कळलं नाही. मी आपला हो, हो म्हणत राहिलो. चालतं ना?"

"चालतं," सुमित्राबाई म्हणाल्या, आणि हॉस्पिटलात, अंत्यविधीत, मराठी मंडळातल्या बायकांच्या गराड्यात जे आलं नव्हतं ते रडू त्यांना तिथं बिअरच्या वासात आलं. कुणी त्यांची समजूत घातली नाही. मालकीण रोझी नोवाकनं फक्त पंख्याचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. शंकरपाळे बिअरबरोबर संपले.

त्या पुढच्या शनिवारी परत गेल्या. मग मधल्या वारीही. रोझीचा हात फ्रॅक्चर झाला तेव्हा त्या काउंटरच्या आत गेल्या, सँडविचं करायला लागल्या, आणि आतच राहिल्या. सुमित्रा कुणाला म्हणता येईना, म्हणून त्या 'सुमी' झाल्या. शुगर लँडमध्ये कुजबुज झाली. मंडळातल्या शुभाकाकूंनी एकदा गणपतीच्या आरतीनंतर बाजूला घेऊन विचारलंच, "अगं, गुत्त्यावर काम करतेस म्हणे?" सुमित्राबाई म्हणाल्या, "हो. या ना एकदा. वारा छान असतो."

वाऱ्यापेक्षा दुसरंच काहीतरी तिथं होतं, पण ते शुभाकाकूंना सांगता येण्यासारखं नव्हतं. तिथं लोक फारसं बोलायचे नाहीत. डॉमिनोज खेळायचे. त्या सोंगट्यांना ते 'हाडं' म्हणायचे, आणि लाकडी टेबलावर ती हाडं पालथी घालून ढवळायचा आवाज दुपारभर चालायचा. कोण आलं, कोण नाही, हे कुणी मुद्दाम बघायचं नाही, पण सगळ्यांना माहीत असायचं. एखादा दोन दिवस दिसला नाही, की रोझी फोन लावायची. तिसऱ्या दिवशी कुणीतरी ट्रक काढून त्याच्या घरी जायचं. असा एकदा अ‍ॅल्विनला लिरॉय सापडला होता, न्यूमोनियानं फणफणलेला. लिरॉय साखर कारखान्यात जगन्नाथरावांच्याच पाळीला बॉयलरवर असायचा. एकटा काळा माणूस त्या टेबलावर, आणि अ‍ॅल्विनचा वीस वर्षांचा जोडीदार. "मला वाचवलं म्हणून मी काही त्याच्याकडून मुद्दाम हरत नाही," असं तो म्हणायचा.

आठ वर्षं अशी गेली.

२००१च्या नोव्हेंबरात सुमित्राबाईंच्या मुलाची, सिद्धेशची, क्युपर्टिनोतली नोकरी गेली. त्याच्या कंपनीतल्या अर्ध्या मजल्याची गेली. तीन-चार महिने त्यानं अर्ज केले आणि मग तो आणि वल्लरी टेक्सासला परत आले. वल्लरी पुण्याची, कामाला वाघ, हातालाही चव असलेली. काहीतरी आपलं करावं, असं दोघांच्या डोक्यात होतं. सिद्धेश एका दुपारी आईला न्यायला अड्ड्यावर आला आणि बाहेर पार्किंगमध्ये उभा राहून बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला. भाताच्या शेतांत आता बुलडोझर फिरत होते. कोठीच्या पलीकडे सहाशे घरांची वसाहत उठत होती.

"आई, लोकेशन बघ ना," तो म्हणाला. "इतके लोक मूव्ह होणारेत इथे, आणि जेवायला दहा मैलांत काही नाही."

रोझी तेव्हा अठ्ठ्याहत्तरची होती. गुडघे गेले होते. डॅलसला राहणारी मुलगी तिला घेऊन जायला टपलेली होती, आणि एका औषधांच्या दुकानवाल्यांना ती कोपऱ्यावरची जागा इमारत पाडून हवी होती. रोझीला ठरवता येत नव्हतं. तेव्हा सुमित्राबाईच तिच्या शेजारी बसल्या. कुणी सांगितलं नव्हतं, मुलानंही नाही. त्या आपण होऊन म्हणाल्या, "माझ्या मुलाला दे. पाडणार नाही. छप्पर नीट करील, संडास नवे करील. बाकी सगळं तसंच राहील."

"तू असशील?" रोझीनं विचारलं.

"मी कुठं जातेय?"

रोझीनं मुलीचा विरोध पत्करून जागा सिद्धेशला दिली. जाताना तिनं काउंटरवरून एकदा ओला फडका फिरवला, आणि तो फडका पर्समध्ये घालून ती मुलीच्या गाडीत बसली.

सिद्धेशनं आईचा शब्द मोडला, असं म्हणता येणार नाही. त्यानं खरंच छप्पर नीट केलं, संडास नवे केले. पण टेक्सासच्या उन्हाळ्यात कुटुंबं जेवायला यायची तर एसी हवा, आणि एसी हवा तर उघड्या बाजू बंद करायला हव्यात. पत्र्याची दारं निघाली, तिथं जमिनीपासून छतापर्यंत काचा आल्या. लांब टेबलं गेली, चौघांची आणि दोघांची आली. बाहेर पाटी लागली: 'द आइस हाउस किचन'. वल्लरीनं मेनू केला. त्यात भाजलेलं मांस होतं, मासे होते, आणि शंकरपाळे 'टेक्सास डायमंड्स' या नावानं होते. वर्तमानपत्रात चांगलं छापून आलं. शनिवारी दारात रांग लागायला लागली. सुमित्राबाईंना दाराशी उंच स्टुलावर बसवलं. येणाऱ्याचं नाव लिहून घ्यायचं आणि टेबल रिकामं होईपर्यंत त्याच्या हातात एक गोल चकती द्यायची. टेबल तयार झालं, की चकतीतले लाल दिवे लागायचे आणि ती थरथरायची.

पहिल्याच आठवड्यात अ‍ॅल्विन आणि लिरॉय चार वाजता आले. त्या दिवशी गर्दी होती. सुमित्राबाईंनी त्यांच्या हातांत चकत्या दिल्या. त्या दोघांनी त्या घेतल्या आणि जिथं वीस वर्षं बसत होते त्या जागेपासून चार पावलांवर, भिंतीला टेकून, उभे राहिले. अ‍ॅल्विननं टोपी काढून हातात धरली होती, चर्चमध्ये धरावी तशी. पंचवीस मिनिटांनी चकती थरथरली तेव्हा तो दचकला.

त्यांना कुणी मनाई केली नाही. डॉमिनोज खेळू नका, असंही कुणी म्हणालं नाही. फक्त सोंगट्या मांडल्या की वाढणारी पोरगी यायची आणि गोड आवाजात विचारायची, अजून काही आणू का? पाच मिनिटांनी पुन्हा. तिसऱ्यांदा तिनं विचारलं तेव्हा लिरॉयनं हाडं खोक्यात भरली. लोक भांडून गेले असते, तर सुमित्राबाईंना काही करता आलं असतं. पण ते भांडले नाहीत. ज्याचा त्याचा एकेक दिवस गळत गेला. कुणी घरी टीव्हीसमोर बसायला लागला, कुणी मुलीकडे गेला. वर्षभरानं दुपारी चार वाजता फक्त अ‍ॅल्विन यायचा, आठवड्यातून दोनदा. काउंटरच्या टोकाला उभ्यानं एक बिअर प्यायचा आणि "सुमी" म्हणून मान हलवून निघून जायचा.

डॅलसहून दर शनिवारी सकाळी रोझीचा फोन यायचा. तिचा एकच प्रश्न असायचा.

"कोण कोण आलं होतं गं?"

पहिल्यांदा सुमित्राबाईंनी खोटं सांगितलं ते तिला वाईट वाटू नये म्हणून. अ‍ॅल्विन, लिरॉय, हेन्री, दोघे डाहमन भाऊ. रोझी पलीकडून प्रत्येक नावाला हुंकार द्यायची. मग ते दर शनिवारचंच झालं. सुमित्राबाई नावं घ्यायच्या आणि घेता घेता त्यांना ती माणसं दिसायची, कोण कुठं बसलंय, कुणाच्या पाठीवर पंखा आहे. फोन ठेवला, की समोर काचा असायच्या.

२००५च्या ऑगस्टमधली गोष्ट. मंगळवार होता. साडेतीन-चारच्या सुमाराला सुमित्राबाईंच्या लक्षात आलं, की गेल्या गुरुवारी अ‍ॅल्विन आला नव्हता, आणि काल सोमवारीही नाही. बाहेर एकशे दोन डिग्री होतं. त्यांनी दाराशेजारचा फोन उचलला, त्याचा नंबर फिरवला. एक रिंग झाली. दुसरी झाली. तेवढ्यात काचेचं दार उघडून शाळेतल्या शिक्षकांचा मोठा घोळका आत आला, आणि मागून सिद्धेशनं हाक मारली.

"आई, पार्टी ऑफ फोर्टीन! चार टेबलं जोडायचीत, ये ना प्लीज!"

तिसरी रिंग वाजत असताना त्यांनी फोन खाली ठेवला. नंतर करू, असं त्यांच्या मनात होतं. नंतर गर्दी वाढली. घरी गेल्यावर पाय सुजले होते. बुधवार गेला, गुरुवारी वल्लरीला बरं नव्हतं.

शुक्रवारी पोस्टवाल्या बाईला त्याच्या पेटीत तीन-चार दिवसांची पत्रं तशीच दिसली. तिनं पोलिसांना कळवलं. अ‍ॅल्विन स्वयंपाकघरात फरशीवर होता. पाय घसरून पडला होता, खुब्याचं हाड मोडलं होतं. तपासायला आलेल्या माणसानं सांगितलं, तो बहुतेक सोमवारी रात्री पडला असावा. लगेच गेला नाही. मंगळवारचा दिवस तरी काढला असावा, कारण सरपटत तो दारापर्यंत आला होता. फोन बाहेरच्या खोलीत होता.

हे पोस्टवाली बाई सुमित्राबाईंना दाराशी उभी राहून सांगत होती, आणि त्या हातातल्या पेनानं वहीवर रेघ ओढत होत्या. एक, दोन, तीन. तीन रिंग त्यानं ऐकल्या असणार.

दुसऱ्या दिवशी शनिवार. रोझीचा फोन आला. "कोण कोण आलं होतं?"

"लिरॉय," सुमित्राबाई म्हणाल्या. "हेन्री. डाहमन भाऊ."

"आणि अ‍ॅल्विन?"

पलीकडे रोझीचा श्वास ऐकू येत होता. तो आता जड झाला होता.

"आहे की. नेहमीच्या जागी."

"मला वाटलंच," रोझी म्हणाली. "काल माझ्या स्वप्नात आला होता. तहान लागली म्हणत होता."

सुमित्राबाईंना पुढं काय बोलणं झालं ते आठवत नाही. त्यानंतरचे सात महिने, रोझी जाईपर्यंत, त्या दर शनिवारी अ‍ॅल्विनचं नाव घेत राहिल्या. कधी तो जिंकत होता, कधी हरत होता. एकदा त्याला नवी टोपी घेऊन दिली. २००६च्या मार्चमध्ये रोझी झोपेतच गेली, नोवाकच्या अड्ड्यावर सगळे जिथल्या तिथं आहेत असं समजून. तिच्या मुलीनं फोन करून सुमित्राबाईंचे आभार मानले.

त्या नंतर सुमित्राबाईंना आवाज यायला लागला. चार वाजता मागं भांडी घासायच्या यंत्रात बशा भरायला लागले, की त्यांना ती हाडं ढवळल्याचा आवाज वाटायचा. त्या वळून बघायच्या. काचेत बाहेरच्या पार्किंगचं आणि आतल्या टेबलांचं प्रतिबिंब एकमेकांत मिसळलेलं असायचं, आणि त्यात कुठंतरी, गाडीच्या टपाच्या नि खुर्चीच्या पाठीच्या मध्ये, कुणीतरी टोपी हातात धरून उभं आहे असं वाटायचं. डोळे तपासून झाले. डॉक्टरांनी मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणून सांगितलं.

आणि मग सिद्धेशनं तो फोटो लावला.

त्याचा हेतू चांगला होता. रोझीच्या मुलीनं जुन्या फोटोंचं खोकं पाठवलं होतं. त्यातला १९७८मधला एक त्यानं पोस्टरएवढा मोठा करून घेतला: अ‍ॅल्विन, तरुण, हातात सोंगट्या, कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. नऊ नंबरच्या टेबलाच्या वर तो टांगला. खाली एक पेटी, काचेची, तिच्यात डॉमिनोजचा संच. लोकांना फार आवडलं. मुलांना त्या फोटोखाली बसवून लोक फोटो काढायचे. "हे कोण?" कुणी विचारलं, की वाढणाऱ्या पोरी सांगायच्या, "ओल्ड कस्टमर."

नऊ नंबरचं टेबल रिकामं असूनही दाराशी लोक ताटकळतायत, हे वल्लरीच्या लक्षात यायला दोन महिने लागले. तिनं वही बघितली. रोज चार ते सहा, टेबल नऊ, 'रिझर्व्ड'. नाव नाही. तिनं नवऱ्याला सांगितलं. सिद्धेश दुपारच्या उसंतीत आईजवळ येऊन बसला.

"आई, टेबल नाइन कोणासाठी ठेवतेस?"

"कुणासाठी नाही. तिथं कुणाला बसवायला नको वाटतं."

"का पण?"

"तो बघतो."

सिद्धेशनं तिच्याकडे नीट पाहिलं. बासष्ट वर्षांची बाई, कुंकवाची जागा मोकळी, कपड्यांवर रेस्तराँचा बॅज. "आई, तो फोटो ट्रिब्यूट आहे. तो इथला होता म्हणून लावलाय."

"तो इथला होता तेव्हा त्याला आपण भिंतीशी उभं केलं, सिद्धू. हातात चकती देऊन. आता भिंतीवर लावलाय."

आणि मग त्यांनी त्याला मंगळवारचं सगळं सांगितलं. फोन, तीन रिंग, फरशी. सिद्धेशला काहीच माहीत नव्हतं. तो ऐकत राहिला आणि त्याचा चेहरा हळूहळू लहानपणीसारखा झाला.

"मीच हाक मारली होती ना तेव्हा?" तो म्हणाला.

"हाक तू मारलीस. फोन मी खाली ठेवला. आणि ही जागा तुला द्यायला रोझीला मी लावलं. तुझ्याकडे यातलं काही येत नाही."

त्यानं त्याच संध्याकाळी फोटो उतरवला. भिंतीवर त्याच्या आकाराचा फिकट चौकोन राहिला. महिनाभरानं तिथं सूर्यफुलांचं चित्र आलं. सुमित्राबाईंना चौकोन चित्राच्या कडेनं दिसतच राहिला. २००७च्या जानेवारीत त्यांनी काम सोडलं.

सिद्धेशनं वसाहतीत घेतलेल्या घरात त्या राहत होत्याच. आता दुपार मोकळी झाली. त्यांनी फोन सुरू केले. रोज चार वाजता डायरी घेऊन बसायच्या आणि राहिलेल्या सात जणांना एकेक करून फोन लावायच्या. सुरुवातीला सगळ्यांना बरं वाटलं. मग गप्पा आटल्या. "बरा आहे." "हो, खाल्लं." "नाही, काही नको." शेवटी लिरॉयनंच सांगितलं. तो आता एक्क्याऐंशीचा होता.

"सुमी, वाईट वाटून घेऊ नकोस. पण फोनवर मी काय बोलू? तिथं आम्ही बोलायला जातच नव्हतो."

"मग माझ्या घरी या. गॅरेज उघडते, टेबल टाकते."

"तुझं घर आहे ते," लिरॉय म्हणाला. "तुझ्या घरी यायचं तर शर्ट बदलावा लागतो."

२००८च्या सप्टेंबरात मोठं वादळ आलं. रात्रभर घर आगबोटीसारखं कुरकुरलं. सकाळी बघितलं तर झाडं आडवी, वसाहतीतली कुंपणं जमीनदोस्त, आणि वीज सगळ्या पट्ट्यात गेलेली. रेस्तराँच्या तिन्ही बाजूंच्या काचा फुटून आत-बाहेर सांडल्या होत्या. सिद्धेशनं आणि वल्लरीनं काच झाडून काढली. फ्रीझरमधलं मांस दोन दिवसांत सडणार होतं. तेव्हा सिद्धेशनं बाहेर पार्किंगमध्ये शेगड्या पेटवल्या आणि पुठ्ठ्यावर लिहिलं, या, जेवा.

लोक आले. सहाशे घरांतले लोक, जे पाच वर्षांत एकमेकांना फक्त गाडीच्या काचेतून ओळखत होते. घरात एसी नाही, टीव्ही नाही, फोन बंद. त्यांनी चौघांची टेबलं ओढून लांब केली. कुणी बर्फ आणला, कुणी औषधं वाटली, एका नर्सनं कोपऱ्यात रक्तदाब तपासायला सुरुवात केली. कुणाची म्हातारी आई वरच्या मजल्यावर अडकलीय हे समजलं, तर चार जण उठून गेले. मांस संपल्यावर ज्याच्या घरी जे होतं ते येत गेलं. वाऱ्यावर धूर आत येत होता. सुमित्राबाई स्वतः जाऊन लिरॉयला घेऊन आल्या. तो खुर्चीवर बसला आणि तिन्ही उघड्या बाजूंकडे बघत राहिला. एका मुलीनं त्याला विचारलं, की तुम्हाला पत्ते येतात का. तो संध्याकाळपर्यंत तिला शिकवत होता.

असे नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत सुमित्राबाईंना एकदाही आवाज आला नाही.

नवव्या दिवशी, सव्वासहाला, दिवे लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आरोळ्या ठोकल्या. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. नंबर लिहून घेतले, दर शुक्रवारी भेटायचंच असं ठरलं. आणि मग एकेक जण घरात एसी सुरू झाला का बघायला उठला. अर्ध्या तासात सुमित्राबाई, सिद्धेश आणि उष्ट्या कागदी थाळ्या एवढंच तिथं उरलं. वर पंखा फिरत होता.

"आई," सिद्धेश म्हणाला, "काचा नकोच लावूयात का?"

त्यांनी उष्ट्या थाळ्या गोळा करायला घेतल्या. त्यालाही उत्तर माहीत होतं. पुढच्या आठवड्यात काचा लागल्या. आणि दुसऱ्याच दिवशी चारच्या सुमाराला, त्या रेस्तराँत नसताना, घरी स्वतःच्या स्वयंपाकघरात, त्यांना ती हाडं ढवळल्याचा आवाज आला.

तेव्हापासून त्या फिरायला लागल्या. रोज दिवस कलला, की पांढरी गाडी काढायची आणि ताशी दहा मैलांनी गावातून आणि वसाहतीतून चक्कर मारायची. थांबायचं नाही, दार वाजवायचं नाही. कुणाकडे दिवा लागलाय, कुणाची पत्रांची पेटी भरून वाहतेय, कुणाचं वर्तमानपत्र कालपासून अंगणात पडलंय, एवढं बघायचं. त्या नऊ दिवसांत ओळख झालेली माणसं पहिल्यांदा हात हलवायची. मग पडदे सरकायला लागले. पांढऱ्या केसांची, पांढऱ्या गाडीतली बाई, घरांसमोर हळू होणारी. वसाहतीतल्या लहान मुलांनी तिला भूत ठरवलं. सिद्धेशला वसाहतीच्या समितीकडून तक्रारीचं पत्र आलं. त्यानं ते आईला दाखवलं नाही. पण वल्लरीनं एकदा विचारलंच, "आई, मी येऊ का तुमच्याबरोबर?" आणि दोन-तीनदा ती गेलीही, शेजारी गप्प बसून.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी, सुमित्राबाई एकट्याच असताना, वसाहतीच्या रखवालदारानं त्यांना थांबवलं. नवीन, तरुण माणूस होता. त्यानं अदबीनं काच खाली करायला सांगितली.

"मॅडम, कुणी हरवलंय का? कुणाला शोधताय?"

"नाही. बघतेय फक्त."

"काय बघताय?"

सुमित्राबाईंनी जरा विचार केला. समोर एका घराच्या खिडकीत टीव्हीचा निळा उजेड हलत होता.

"त्या घरातल्या बाई एकट्या असतात," त्या म्हणाल्या. "काल दिवा नव्हता. आज आहे."

रखवालदारानं वळून त्या घराकडे पाहिलं. मग वहीत गाडीचा नंबर लिहिला.

"ठीक आहे मग. त्या बऱ्या आहेत ना?"

"हो," सुमित्राबाई म्हणाल्या. "त्या बऱ्या आहेत."

त्यांनी काच वर केली. रस्त्याच्या पुढच्या वळणावर अजून अकरा घरं होती.